पाचच्या पटीत

पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात
बाळंतपणाच्या खोलीत घड्याळ नव्हतं.
ते बाहेर, केसपेपरच्या खिडकीवर,
कुठल्याशा बियाणे कंपनीनं दिलेलं,
बाराच्या जागी कापसाचं बोंड.
सात मिनिटं मागे. कधी नऊ.
सेल बदलणारा शिपाई बदलून गेला,
त्याच्या जागी कोणी आलं नाही.

एकतीस वर्षं जन्मवेळा मी लिहिल्या.
सिस्टर पानपाटील, निळ्या शाईत.

आता भर उन्हाळ्यात माझ्या ओट्यावर
दोघं येऊन बसतात, काका-पुतण्या.
नीळकंठगुरुजींच्या मांडीवर लाल फडक्यातली पोथी,
हेमेंद्रच्या मांडीवर लॅपटॉप, तोही तापलेला.
गुरुजी म्हणतात, तेरा मिनिटांत नवमांश फिरतो,
वकील व्हायचा तो व्याजबट्टा करत बसतो.
हेमेंद्र म्हणतो, चार हजार दोनशे जन्म आहेत, काका,
तुमच्या नियमानं किती संसार टिकायला हवे होते
आणि किती टिकले, मोजूनच बघू.
मोजायला पूर्वजांनी काय कमी मोजलं?
घंगाळात तांब्याची वाटी सोडून
ती बुडेपर्यंत डोळा न लववता बसायची माणसं.
तेच म्हणतो मी. ते मोजत होते.
तुम्ही पाठ करता.

गुरुजींनी फडक्याची गाठ सोडली, परत बांधली.
आणि तू? तू कोणी मोजलेलं वापरतोस?

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

हेमेंद्रनं पडदा माझ्याकडे फिरवला.
शेताच्या कुंपणासारखा आलेख,
शून्यावर खांब, पाचावर खांब,
मध्ये नुसती तार.
सिस्टर, पारोळ्यात बाळं
पाचच्या पटीतच जन्मतात का?

काय सांगू.
वार पडायची, टाके घालायचे,
लाइट गेलेली असायची, कंदील कोणीतरी तिरपा धरलेला,
मग हात धुवायचे,
मग बाहेर जाऊन बोंडाकडे बघायचं
आणि मागे मागे आठवत यायचं, अंदाजानं.
तीन सत्तावीस कोण लिहितं?
आणि वेळ म्हणजे तरी कुठली?
डोकं दिसलं ती, खांदे सुटले ती,
नाळ कापली ती, की रडलं ती?
गुरुजी पुटपुटले, यावर मतं चार आहेत.
हेमेंद्रनं तेही टाइप करून घेतलं.

मग मला वैजंता आठवली.
बोरीकाठच्या रायतीबाईची पहिली,
निळी पडलेली, पायाला धरून उलटी केली तरी गप्प.
मी तोंड लावून फुंकत होते.
रायतीबाई एवढंच विचारत होती,
बाई, रडस का ती? रडस का?
अकरा मिनिटं म्हणाले डॉक्टर नंतर,
त्यांच्या हातात घड्याळ होतं.
मी पोरीकडे बघत होते.
रडली तेव्हा बाहेर आले
आणि लिहिलं, साडेतीन.

हेमेंद्रनं शोधलं. ओळ अठराशे चौऱ्याहत्तर.
वेळ साडेतीन. विवाह, नाही.
गुरुजींचा चेहरा उतरला.
ती पत्रिका मीच केली होती, म्हणाले,
सातव्यात मंगळ होता. स्थळ परत गेलं.
मुलगा चांगला होता, पिंप्रीचा, गिरणीत होता.

मग कोणीच काही बोलेना.
गुरुजी बोटांच्या पेरांवर काहीतरी मांडू लागले,
अकरा वजा, सात अधिक, लग्न सरकतं का.
हेमेंद्र त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह टाकून
तिथेच थांबला, कर्सर लुकलुकत राहिला.
दोघांचेही ओठ हलत होते,
काका-पुतण्याच शेवटी.

मी आत जाऊन चहा टाकला.
वैजंता धुळे गाडीला कंडक्टर आहे.
मला तिकीट घेऊ देत नाही,
स्वतःच्या पैशानं फाडते,
आणि मशीनमधून आलेल्या कागदावर
वेळ छापलेली असते, सेकंदासकट.
मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.
साखर घातली की नाही, तेही विसरले.